तापलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही, तेव्हा काय तपासावे?

कोकणातून करूळ घाट चढून गगनबावड्याला पोचताना, किंवा मे महिन्यातल्या दुपारी पाहुण्यांना घेऊन पन्हाळ्याची चढण चढताना, डॅशबोर्डवर थर्मामीटरच्या चित्राचा लाल दिवा लागतो. चालक गाडी बाजूला घेतो, इंजिन बंद करतो, बॉनेट उघडतो, चहा पिऊन येतो आणि अर्ध्या तासाने किल्ली फिरवतो, तर गाडी सुरू होत नाही. यानंतरची पाच मिनिटे सर्वांत महागात पडू शकतात, कारण नवखा चालक त्या पाच मिनिटांत सेल्फ मारतच राहतो.

गाडी तापणे आणि नंतर ती सुरू न होणे या दोन गोष्टींचा संबंध तीन प्रकारचा असू शकतो. एक तर उष्णतेने इंजिनाच्या आतच काही बिघडलेले असते, म्हणजे हेड (सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) वाकलेले असते, हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलबंद करणारी पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट, उडालेली असते किंवा पिस्टन जाम झालेला असतो. दुसरी शक्यता अशी की दोन्ही गोष्टींमागे एकच तिसरे कारण असते, जसे की घसरणारा बेल्ट किंवा जळालेला फ्यूज. तिसऱ्या प्रकारात इंजिन शाबूत असते, फक्त त्याच्या आसपासचा एखादा सेन्सर किंवा सेल्फची मोटर उष्णतेने तात्पुरती बंद पडलेली असते. पहिल्या प्रकारात सेल्फ मारल्याने नुकसान वाढते, दुसऱ्यात बॅटरी उतरते आणि तिसऱ्यात नुसते थांबले तरी काम होते. म्हणून यांपैकी आपला प्रकार कोणता, हे ठरेपर्यंत किल्ली खिशात ठेवावी.

पहिली पायरी : थांबणे

इंजिन बंद केल्यानंतर रेडिएटरचे किंवा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) दाबाखालील टाकीचे झाकण किमान पाऊण ते एक तास उघडू नये. कूलिंगची यंत्रणा प्रेशर कुकरसारखी बंद असते. कूलंट आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते, परंतु झाकणाने धरलेल्या सुमारे एक बार दाबाखाली ते १२० अंशांच्याही पुढे द्रवरूपच राहते. झाकण सैल केले की हा दाब क्षणात जातो आणि आतले सगळे द्रव एकदम उकळून तोंडावर आणि हातांवर उडते. वरचा जाड होज पाइप कापडातून दाबून पाहावा. तो दगडासारखा कडक लागत असेल, तर आत अजून दाब आहे. पंख्याजवळ बोटे नेऊ नयेत, कारण बऱ्याच गाड्यांत विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

तापलेल्या इंजिनावर बाहेरून थंड पाणी ओतण्याची सवय आपल्याकडे अजून टिकून आहे. पावसाळ्यात घाटातल्या ओहोळाचे पाणी हाताशी असल्याने तो मोह होतोही, पण अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला तडा जाण्यासाठी तेवढे पुरेसे आहे. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ज्या इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते, त्यांत तापल्यावर हेड वाकते आणि गॅस्केटची पकड सुटते, ती याच फरकामुळे.

धक्का मारण्याचाही आग्रह होईल. कोल्हापूरकडच्या रस्त्यावर गाडी बंद पडली की न बोलावता चार माणसे जमतात, आणि त्यांतला एक जण हमखास म्हणतो, "सेकंडला टाका, आम्ही ढकलतो, क्लच सोडा." बॅटरी उतरली असेल तर हा उपाय चालतो. तापून बंद पडलेल्या गाडीला मात्र तो लावू नये, कारण सिलिंडरमध्ये कूलंट साचले असेल तर त्या एका झटक्यात कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आभार मानून त्या मंडळींना गाडी रस्त्याच्या कडेला सरकवून देण्याची विनंती करावी.

दुसरी पायरी : आठवून लिहून ठेवणे

थांबण्याच्या वेळात मोबाइलवर चार ओळी लिहून ठेवाव्यात. कोणता दिवा आधी लागला? लाल दिवा लागल्यानंतर गाडी किती चालवली? त्या वेळी गाडी चढावर होती, ट्रॅफिकमध्ये होती की महामार्गावर? इंजिनाची ताकद हळूहळू कमी झाली की ते एकदम बंद पडले? बंद पडताना आवाज आला का? मिस्त्रींना या उत्तरांचा जितका उपयोग होतो, तितका कधीकधी उपकरणांचाही होत नाही.

दिव्यांच्या क्रमाचे महत्त्व मी स्वतः उशिरा शिकलो. माझ्या पहिल्या गाडीत तापमानाच्या दिव्याच्या अर्धा मिनिट आधी बॅटरीचा दिवा लागला होता. ती गोष्ट सांगायची राहिली, आणि मिस्त्रींची अख्खी सकाळ रेडिएटर तपासण्यात गेली. बेल्ट जागेवरच होता, पण टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारा भाग, सैल झाल्यामुळे तो घसरत होता. अनेक गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप हे दोन्ही या बाहेरच्या एकाच बेल्टवर चालतात. बेल्ट घसरला की चार्जिंग थांबते आणि कूलंटचे फिरणेही थांबते, त्यामुळे इंजिन तापते आणि बॅटरी उतरून गाडी पुन्हा सुरूही होत नाही. एवढे सगळे होऊनही, वेळीच थांबल्यास इंजिनाला काही झालेले नसते.

वेगाचाही अर्थ असतो. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना गाडी तापली आणि मोकळ्या रस्त्याला काटा खाली आला, तर संशय पंख्यावर, त्याच्या रिलेवर किंवा फ्यूजवर घ्यावा, कारण रांगताना रेडिएटरला वारा फक्त पंख्याचाच मिळतो. याउलट पुणे-बंगळूर महामार्गावर भर वेगात गाडी तापली, तर पंखा जवळजवळ निर्दोष समजावा आणि कूलंटची पातळी, चोक झालेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) किंवा वॉटर पंप यांकडे वळावे.

एक फसवी खूण लक्षात ठेवावी. तापमानाचा काटा लालपर्यंत जाऊन एकदम थंडकडे पडला, पण जळका वास येतच राहिला, तर इंजिन थंड झालेले नसते. कूलंट संपल्यामुळे सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडलेला असतो आणि तो खोटे सांगत असतो. काही गाड्यांत काटा नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. त्यांतला निळा दिवा इंजिन अजून थंड असल्याचे सांगतो, तो धोक्याचा नव्हे.

तिसरी पायरी : किल्लीला हात न लावता पाहणे

इंजिन हात ठेवण्याइतके निवले की आधी इंजिन ऑइलची डिपस्टिक काढावी, कूलंटकडे नंतर वळावे. ऑइल ताकासारखे किंवा दुधाळ चहासारखे दिसले, किंवा पातळी कमाल खुणेच्या वर गेलेली दिसली, तर कूलंट ऑइलमध्ये उतरले आहे आणि तपासणी इथेच संपते. गाडी टो करून न्यावी. मात्र ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नुसता पांढरट साय धरल्यासारखा थर दिसला, तर घाबरू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात ज्या गाड्या रोज तीन-चार किलोमीटरच धावतात, त्यांच्या झाकणाखाली दमट हवेचे पाणी साचून असा थर येतोच. निर्णय डिपस्टिकवरून करावा.

ऑइल स्वच्छ असेल तर झाकणावर जाड कापड ठेवून, ते थोडे फिरवून, उरलासुरला दाब जाऊ देऊन मग उघडावे. पातळी खाली गेली असेल तर कूलंट, आणि ते नसेल तर बाटलीतले पिण्याचे पाणी, अगदी सावकाश ओतावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी आतल्या नळ्यांत थर धरते, म्हणून ते नाइलाजानेच वापरावे आणि नंतर यंत्रणा धुऊन घ्यावी. ओतताना खाली लक्ष ठेवावे. ओतलेले पाणी जमिनीवर ठिबकले तर गळती सापडली, आणि ही बातमी तशी चांगलीच म्हणायची. पाणी जात राहिले, पातळी उतरत राहिली आणि बाहेर मात्र कुठेच ओल दिसली नाही, तर ते इंजिनाच्या आत जात असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी ओतणे थांबवावे आणि सेल्फ मारण्याचा विचार सोडून द्यावा.

गळती शोधताना होज पाइपांचे क्लॅम्प, रेडिएटरची खालची बाजू आणि वॉटर पंपाच्या बुडाशी असलेले छोटे छिद्र पाहावे. पंपाचे सील गेले की त्या छिद्रातून कूलंट ओघळते आणि वाळल्यावर रंगीत डाग राहतो. पुढच्या सीटसमोरचा गालिचा ओला असेल आणि गोडसर वास येत असेल, तर हीटरची आतली जाळी गळते आहे. शेवटी बेल्ट जागेवर आहे का, ढिला किंवा चकाकता झाला आहे का, आणि रेडिएटरच्या जाळीवर चिखल किंवा उसाचे पाचट अडकले आहे का, हे पाहून घ्यावे.

चौथी पायरी : किल्ली ऑन, सेल्फ नाही

किल्ली फक्त ऑनच्या खुणेपर्यंत फिरवावी. सर्व दिवे लागायला हवेत. एकही दिवा लागला नाही, तर बॅटरीचे टर्मिनल सैल आहे किंवा मुख्य फ्यूज गेला आहे. किल्लीच्या चित्राचा इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहिला, तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली असल्यास ती वापरून पाहावी. पेट्रोल गाडीत मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो इंधनपंप होय. ती ऐकू आली नाही, तर पंपाचा फ्यूज आणि रिले तपासावा. पंख्याचा फ्यूज त्याच डब्यात असतो, तोही याच वेळी पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तार गुंडाळून काम भागवू नये.

मल्टिमीटर असेल तर बॅटरीचा व्होल्टेज मोजावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्याही खाली असेल तर सेल्फ नीट फिरेलच असे नाही. इंजिन बंद केल्यावर पंखा बराच वेळ चालत राहिला असेल आणि धोक्याचे इंडिकेटरही तासभर चालू असतील, तर जुनी बॅटरी एवढ्यानेही उतरते.

पाचवी पायरी : सेल्फ एकदाच, आणि कान देऊन

आतापर्यंत ऑइलमध्ये दुधाळपणा, आत जाणारे पाणी किंवा बंद पडतानाचा ठोका यांपैकी काहीच आढळले नसेल, तरच सेल्फ मारावा. तोही एकदाच, तीन ते पाच सेकंद, एसी आणि दिवे बंद करून. क्लच पूर्ण दाबलेला किंवा गिअर पार्कमध्ये असल्याची खात्री करावी. हे सांगणे बाळबोध वाटेल, पण घाबरलेला माणूस नेमके हेच विसरतो.

काहीच आवाज आला नाही आणि दिवेही मंदावले नाहीत, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. सेल्फची मोटर बऱ्याच गाड्यांत सायलेन्सरच्या गरम पाइपाजवळ असते, आणि तिचा सोलेनॉइड (तिला वीज जोडून देणारा विद्युतचुंबकी स्विच) तापल्यावर काम करेनासा होतो. तासाभराने गाडी निमूट सुरू झाली, तर कारण बहुधा हेच असते.

"टिक-टिक-टिक" असा भराभर आवाज येऊन दिवे मंद झाले, तर बॅटरी उतरली आहे. अशा वेळी दुसऱ्या गाडीवरून जंप देता येतो. लाल वायर आधी आपल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग दुसऱ्या गाडीच्या धन टोकाला लावावी. काळी वायर दुसऱ्या गाडीच्या ऋण टोकाला आणि तिचे शेवटचे टोक आपल्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला लावावे. बेल्ट तुटला किंवा घसरत असेल, तर जंप देऊन सुरू झालेली गाडी पुन्हा तापेल, म्हणून ती चालवत नेऊ नये.

एकच "ठक्" आवाज येऊन सगळे थांबले, तर ताबडतोब किल्ली सोडावी. इथे दोन शक्यता आहेत. सिलिंडरमध्ये कूलंट साचले असेल, तर द्रव दाबला जात नसल्याने पिस्टन अडतो. किंवा ऑइलचा थर जळून पिस्टन सिलिंडरला धरलेला असेल, ज्याला आपण इंजिन सीझ झाले म्हणतो. दोन्हींत पुन्हा सेल्फ मारणे म्हणजे दुरुस्तीचा खर्च वाढवणे होय.

नेहमीपेक्षा हलका, वेगवान "भिर्र" आवाज आला, जणू इंजिनात काही अडथळाच नाही, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन होणारा दाब, गेलेले आहे. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखणारा इंजिनाचा पट्टा) तुटला किंवा सरकला असेल, तर असे होते. काही इंजिनांत वॉटर पंप याच टायमिंग बेल्टवर असतो, आणि पंप जाम झाला की आधी गाडी तापते व मग बेल्टचे दात जातात. अशा इंजिनांत बहुधा व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. आवाज एका लयीत न येता मध्येच एखादा फेरा मोकळा गेल्यासारखा वाटला, तर एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आहे, आणि तिथे पहिला संशय हेड गॅस्केटवर जातो.

सेल्फ नेहमीच्या लयीत फिरला पण इंजिनाने पकडले नाही, तर उष्णतेने चुकणारा क्रँक सेन्सर (इंजिन कसे फिरते आहे ते गाडीच्या संगणकाला कळवणारा) हा नेहमीचा संशयित असतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलला नाही, तर हा संशय बळावतो, जरी काही गाड्यांत तो काटा तसाही हलत नाही. सेन्सर निवल्यावर गाडी सुरू होते आणि पुन्हा तापल्यावर बंद पडते. तो वेळेवर बदलून घ्यावा, नाहीतर पुढच्या वेळी तो घाटाच्या मध्यावर दगा देईल.

इंजिन हाताने फिरवून पाहणे

"ठक्" आवाजाच्या गाडीत पुढची तपासणी पान्याची आहे. हत्यारांची सवय नसेल तर ती मिस्त्रींवर सोपवावी, मात्र ती करूनच इंजिन खोलण्याचा निर्णय घ्यायला सांगावे. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल काढलेले, अशा स्थितीत क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवतात. ते अडले तर पेट्रोल गाडीचे सर्व स्पार्क प्लग काढून पुन्हा फिरवतात. प्लगच्या भोकातून कूलंट उडाले आणि इंजिन मोकळे झाले, तर सिलिंडरमध्ये पाणीच होते. प्लग काढूनही ते हलले नाही, तर बाहेरचा बेल्ट काढून आणखी एकदा प्रयत्न करावा, कारण जाम झालेला अल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसरसुद्धा इंजिन सीझ झाल्याचा भास निर्माण करतो. ही एक पायरी गाळल्यामुळे चांगली इंजिने विनाकारण उतरवली जातात. डिझेलमध्ये यासाठी ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात, आणि ते रस्त्यावर करण्याचे काम नव्हे.

गाडी सुरू झालीच तर

लगेच निघू नये. सायलेन्सरमधून येणारा पांढरा धूर थंड सकाळच्या वाफेसारखा दोन मिनिटांत विरतो की गोडसर वासाने येतच राहतो, ते पाहावे. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, किंवा थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज कडक होत असेल, तर जळणाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. इतक्या लवकर उष्णतेने दाब तयार होत नाही. अशी गाडी "गावापर्यंत जाईल" म्हणून चालवू नये. विमा पॉलिसीत रस्त्यावरील मदतीची सोय असल्यास ती वापरावी, आणि ऑटोमॅटिक गाडी चारही चाके उचलणाऱ्या गाडीवरूनच न्यावी. साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि परिणामी होणारे नुकसान धरत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

गॅरेजमध्ये काय मागावे

"हेड गेलंय, उतरवायला लागतंय" हे वाक्य ऐकल्यावर लगेच होकार देऊ नये. आधी दोन चाचण्या मागाव्यात. पहिली रासायनिक, जिच्यात कूलंटच्या टाकीतली हवा निळ्या द्रवातून ओढतात, आणि आत जळणाचा वायू असल्यास तो द्रव पिवळा किंवा हिरवट होतो. दुसरी कॉम्प्रेशनची. तिच्यात एकाच सिलिंडरच्या आकड्यापेक्षा सर्व सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा असतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील, तर त्यांच्यामधली गॅस्केट गेलेली असते. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगांचा दोष, आणि न वाढल्यास गॅस्केट किंवा व्हॉल्व्हचा.

हेड उतरवावेच लागले, तर कोल्हापूरकरांची एक सोय आहे. शिवाजी उद्यमनगरात इंजिनाच्या कामाची यंत्रशाळांची परंपरा जुनी आहे, आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या वसाहतींतल्या फाउंड्रींमुळे ओतकामाची जाण असलेली माणसे इथे सहज भेटतात. हेड फेसिंगला (पृष्ठभाग घासून सपाट करायला) देण्याआधी त्याची प्रेशर टेस्ट करून तडा नसल्याची खात्री करून घ्यावी, कारण तडा गेलेल्या हेडवर फेसिंगचा खर्च वाया जातो. वाकलेपणा सरळ पट्टी आणि फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) लावून आपल्यासमोर मोजायला सांगावा. बहुतेक इंजिनांत मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. हेडचे बोल्ट पुन्हा वापरण्याजोगे आहेत का, तेही त्यातच पाहावे, कारण अनेक इंजिनांत ते एकदाच ताणण्यासाठी बनवलेले असतात.

गॅस्केट बदलून गाडी परत मिळाली आणि मूळ कारण तसेच राहिले, तर महिन्याभरात तीच गाडी त्याच घाटात उभी राहील. म्हणून बिलावर गॅस्केटबरोबर गाडी मुळात का तापली, त्याचे कारणही लिहून घ्यावे, मग तो थर्मोस्टॅट असो, पंखा असो वा वॉटर पंप. कूलंट भरल्यावर यंत्रणेतली हवा काढली आहे ना, हे विचारावे. मग इंजिन पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत जागेवर चालवावे आणि रात्रभर थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. पातळी जागेवर असेल तर पन्हाळ्याची एक चढण, एसी लावून, काट्यावर नजर ठेवून चढून यावी, आणि परतल्यावर डिपस्टिक पुन्हा एकदा काढून पाहावी.